कॅन्सरच्या उघड्या जखमेचा वास: मेट्रोनिडॅझोल घरी नीट कसं वापरावं

स्तनाचा कॅन्सर कातडी फोडून बाहेर येतो, गालाच्या किंवा जबड्याच्या कॅन्सरला बाहेरून भोक पडतं, मानेतली गाठ फुटते. अशी जखम भरून येत नाही आणि काही दिवसांतच तिला वास सुटतो. घर स्वच्छ असतं, माणूस रोज पुसून काढलेला असतो, तरी वास जात नाही. मग आजारी माणूस आपणहून मागच्या खोलीत जाऊन झोपतो, जेवण टाकतो, नातवंडांना जवळ येऊ देत नाही. पुष्कळांना दुखण्यापेक्षा हा वास जास्त छळतो.

हा वास बहुतेक वेळा कमी करता येतो. त्यासाठी लागणारं औषध देशातल्या जवळपास प्रत्येक मेडिकलमध्ये असतं आणि त्याच्या दोन गोळ्या टपरीवरच्या चहापेक्षा महाग नसतात. ते म्हणजे मेट्रोनिडॅझोल, जुलाबासाठी आपण घेतो तेच. ते चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, म्हणून सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करायची. पण चिठ्ठीवर 'लोकल अॅप्लिकेशन', म्हणजे जागेवर वरून लावा, एवढंच लिहिलेलं असतं. ते रोज हाताने कसं करायचं, हे सहसा कोणी बसून सांगत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. या औषधाने जखम भरणार नाही, कॅन्सर कमी होणार नाही. ते वासासाठी आहे. त्यामुळे रोज 'वास कमी झाला का' एवढंच बघायचं. जखम लहान होत नाही म्हणून औषध बंद करणारी घरं आपल्या माणसाला मिळालेला आराम विनाकारण काढून घेतात.

वास येतो कुठून

गाठ वाढते तशी तिच्या आतल्या भागाला रक्त पुरत नाही आणि तो भाग मरतो. जखमेवर पिवळट, करडा किंवा काळपट पापुद्रा दिसतो तो हाच. या मेलेल्या मांसात प्राणवायू नसतो आणि प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंना तीच जागा मानवते. ते मांस कुजवतात आणि त्यातून उडून जाणारी आम्लं तयार होतात. त्यातलं एक ब्युटिरिक आम्ल, खवट लोण्याला ज्याचा वास येतो तेच. जोडीला प्युट्रेसीन आणि कॅडाव्हरीन ही द्रव्यं तयार होतात. सडलेल्या मांसाचा वास त्यांचा.

म्हणजे हा वास घाणीचा नाही. 'नीट धुतलं नाही म्हणून वास येतो' हे घरातल्या कोणी बोलून दाखवलं असेल तर ते मागे घ्यायला हवं. आठ वेळा धुतलं तरी मेलेल्या मांसाच्या आत बसलेले जंतू पाण्याने निघत नाहीत.

सोफ्रामायसिन किंवा निओस्पोरिन का चालत नाही

घरात मलम असतंच, ते लावून झालेलं असतं आणि फरक पडलेला नसतो. याचं कारण साधं आहे. सोफ्रामायसिनमधलं फ्रामायसेटिन आणि निओस्पोरिनमधलं निओमायसिन ही एकाच कुळातली औषधं. जंतूच्या आत शिरायला त्यांना प्राणवायूवर चालणारी वाहतूक लागते. ज्या जंतूंकडे ती व्यवस्थाच नाही, त्यांच्यापर्यंत ही मलमं पोचत नाहीत. वर निओमायसिनने पुष्कळांना कातडीची अॅलर्जी येते आणि जखमेभोवती खाजरी लाली पसरते. म्युपिरोसिनचं मलम त्वचेवरच्या वेगळ्या जंतूंसाठी आहे, त्याचाही या वासाला उपयोग नाही.

मेट्रोनिडॅझोलचं नेमकं उलटं आहे. ते जंतूच्या आत गेल्यावरच जागं होतं, तेही तिथे प्राणवायू नसला तरच. मग ते जंतूचा डीएनए तोडतं. हे औषध 1960 च्या सुमारास आलं ते योनिमार्गाच्या एका संसर्गासाठी. 1962 मध्ये डेव्हिड शिन या ब्रिटिश दंतवैद्याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की त्या संसर्गासाठी ते घेणाऱ्या एका बाईच्या सडलेल्या हिरड्याही बऱ्या झाल्या. प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जंतूंवर ते चालतं, हे तिथून लक्षात आलं.

जुनाट जखमेवर उगाच अँटिबायोटिक मलमं लावू नयेत हा नियम बरोबरच आहे. त्याने जंतू औषधाला सरावतात. कुजणाऱ्या जखमेच्या वासासाठी लावलेलं मेट्रोनिडॅझोल हा त्यातला मान्य अपवाद. मधुमेहाच्या पायाच्या जखमेला मात्र हा लेख लावू नका. तिथे वास सुटला, पाय सुजला, बोट काळं पडलं तर तो दिवस वरून पावडर टाकण्याचा नाही, सर्जनकडे जाण्याचा आहे. कुठल्याही जखमेभोवती दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागली, लाली तासातासाने पसरू लागली किंवा थंडी वाजून ताप आला, तर तेच.

गोळी, जेल की बाटली

गोळी स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी. 200 आणि 400 मिलिग्रॅममध्ये येते. दुकानात 'फक्त मेट्रोनिडॅझोल' असं सांगून घ्या. जुलाबाच्या गोळ्यांत नॉरफ्लॉक्सॅसिन किंवा डायलोक्झानाइड मिसळलेलं असतं, तर ऑर्निडॅझोल-ओफ्लॉक्सॅसिनची गोळी अगदीच वेगळी. त्या जखमेवर टाकायच्या नाहीत. लहान मुलांचं मेट्रोनिडॅझोलचं सिरपही नको. त्यात औषध बेंझोएटच्या रूपात असतं, ते शरीरात सुटं झाल्यावरच काम करतं. वर सिरपची साखर जखमेवर चिकटून बसते.

गोळी कुटणं हे यातलं खरं कामाचं कौशल्य आहे. मसाल्याचा खलबत्ता घेऊ नका. दोन स्टीलचे चमचे उकळून कोरडे करा. गोळी खालच्या चमच्यात ठेवून वरच्या चमच्याच्या पाठीने आधी दाबून फोडा, मग गोल गोल घासा. गोळीवरचं आवरण पातळ पापुद्र्यासारखं सुटतं आणि कितीही घासलं तरी दळलं जात नाही. ते तसंच जखमेवर गेलं तर कणीसारखं टोचतं. म्हणून कुटलेली पूड उकळून वाळवलेल्या मलमलच्या तुकड्यातून दुसऱ्या कोरड्या वाटीत चाळून घ्या. बोटांत घेतल्यावर टाल्कम पावडरीसारखी लागली पाहिजे, रव्यासारखी नाही. दोन-तीन दिवसांचं एकदम कुटून ठेवू नका, पूड ओल धरते आणि तिचे गोळे होतात.

तळहाताएवढ्या जखमेला, बोटं सोडून, एका वेळी 400 च्या एक ते दोन गोळ्यांची पूड पुरते. पृष्ठभागावर पातळ, सलग थर बसला पाहिजे, भाकरी थापताना परातीत पीठ भुरभुरतो तेवढाच. जाड थर दिल्याने वास लवकर जात नाही, फक्त चिखल होतो.

जेल बाजारात बहुधा 1 टक्क्याचं मिळतं. लावायला सोपं आणि पट्टी चिकटू न देणारं, पण मोठ्या जखमेला एक ट्यूब दोन-तीन दिवसांत संपते. घेताना ट्यूबवरचं बारीक वाचा. हिरड्यांसाठीच्या जेलमध्ये क्लोरहेक्सिडीन आणि लिग्नोकेन मिसळलेलं असतं आणि दुकानदार घाईत तीच पुढे करतो. जखमेला साधं मेट्रोनिडॅझोल जेल हवं. ते मिळत नसेल तर पाण्यात विरघळणारी, बिनवासाची वैद्यकीय जेली 40 ते 50 ग्रॅम घ्या आणि त्यात 400 ची एक चाळलेली गोळी घोटा. हे झालं साधारण 0.8 ते 1 टक्का. घोटलेलं त्याच दिवशी वापरा.

शिरेतून देतात ती बाटली 100 मिलीची असते, त्यात 500 मिलिग्रॅम औषध, म्हणजे अर्धा टक्का. ती निर्जंतुक असते, तिच्यात कण नसतात आणि गॉज, म्हणजे जखमेवर ठेवायचं विरळ सुती कापड, भिजवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. खोल खड्ड्याच्या जखमेला हीच घ्या. बाटली मिळाली नाही तर 100 मिली मीठपाण्यात 400 च्या दोन चाळलेल्या गोळ्या घाला. हे औषध पाण्यात साधारण एका टक्क्यापर्यंतच विरघळतं, त्यामुळे तिसरी गोळी टाकून फायदा नाही, ती तळाशी बसते. तळाला थोडा पांढरा गाळ राहतो तो गोळीतल्या इतर द्रव्यांचा. वरचं पाणी निवळून घ्या.

मग यातलं निवडायचं कसं? जखम ओली, सारखी गळणारी असेल तर पूड. जेल तिथे टिकत नाही, घसरून पट्टीत जातं. जखम कोरडी, खपलीची असेल तर जेल. पूड तिथे वाळून कवच होते आणि काढताना रक्त येतं. खड्डा किंवा बोगदा असेल तर भिजवलेला गॉज. आज ओली असलेली जखम पुढच्या आठवड्यात कोरडी होऊ शकते, तेव्हा औषधाचं रूपही बदला.

मीठपाणी आणि गॉज

एक लिटर पाणी झाकण ठेवून दहा मिनिटं खळखळून उकळा, त्यात सपाट दीड छोटा चमचा, म्हणजे सुमारे 9 ग्रॅम साधं मीठ घाला आणि झाकूनच गार होऊ द्या. हे घरचं सलाईन. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाका. वापरताना कोमट असावं. गार पाण्याने जखम ठणकते.

निर्जंतुक गॉजची पाकिटं महिनोन्महिने परवडत नाहीत. जुनं, मऊ, सुती धोतर किंवा साडी धुऊन वाळवा, वीतभर चौकोन कापा, घड्या घालून भोकं असलेल्या डब्यात सैल भरा. कुकरमध्ये पाण्याच्या वर स्टँडवर डबा ठेवा, शिट्टी झाल्यावर मंद आचेवर अर्धा तास द्या. वाफ आपोआप उतरू द्या आणि डबा बंदच ठेवून थंड करा. कापड ओलसर राहिलं तर ते त्याच दिवशी वापरा, साठवू नका. कापूस थेट जखमेवर कधीच नको. त्याचे तंतू चिकटतात आणि ते ओढून काढावे लागतात. कापूस गॉजच्या वर, स्राव शोषायला.

ड्रेसिंग

आधी दुखण्याचं बघा. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी ड्रेसिंगच्या आधी अर्धा ते पाऊण तास द्या. मॉर्फिनची साधी गोळी चालू असेल तर तिची वेळ ड्रेसिंगशी जुळवून घ्या. दुखत असलं की माणूस अंग चोरतो, मग जखमेचा कोपरा धुवायचा राहतो आणि तिथेच वास टिकतो. म्हणजे दुखणं थांबवणं हा वासाच्या उपचाराचाच भाग आहे.

मास्क खोलीत शिरण्याआधी बाहेरच लावा. पट्टी सोडल्यावर लावलेला मास्क म्हणजे आजारी माणसाच्या तोंडावर 'वास येतोय' म्हणण्यासारखं आहे. फार त्रास होत असेल तर मास्कच्या आतल्या बाजूला पेपरमिंटच्या तेलाचा एक थेंब लावा. चेहरा आणि भुवया मात्र आपल्याला सांभाळाव्या लागतात, कारण त्या वेळी ते आपल्या चेहऱ्याकडेच बघत असतात.

हात साबणाने धुवा, हातमोजे घाला. जुनी पट्टी ओढू नका. वरची कोरडी घडी काढा, आणि चिकटलेल्या थरावर कोमट मीठपाणी ओतून दहा मिनिटं थांबा. ही दहा मिनिटं घाईत गाळली जातात. या जखमेतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, एक झटका दिला तर भळभळ सुरू होते. पट्टी आपोआप सुटत नसेल तर आणखी पाणी, आणखी थांबणं.

आता मोजे बदला आणि जखम धुवा. घासायची नाही. 20 मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजने मीठपाण्याची हलकी धार सोडा, खाली भांडं धरा. अंघोळीला जाता येत असेल तर कोमट पाण्याचा तांब्या हळूहळू ओतला तरी चालतं. शॉवरची जोराची धार नको. सुटा झालेला पापुद्रा पाण्याबरोबर जाऊ द्या. जो चिकटून आहे तो कात्रीने कापायला जाऊ नका, त्याच्या खाली कुठली शीर आहे ते घरी बसून कळत नाही.

धुताना जखमेच्या कडा नीट बघा. फुलकोबीसारख्या वाढलेल्या जखमेत पाकळ्यांच्या मधे खाचा असतात. कडेची कातडी पुष्कळदा खालून पोकळ होऊन एखाद्या खिशासारखी उघडते. वरून सगळं गुलाबी, स्वच्छ दिसतं आणि वास त्या खिशातून येत असतो. औषध तिथपर्यंत गेलं नाही तर महिनाभर ड्रेसिंग करूनही फरक पडत नाही. अशा जागी मेट्रोनिडॅझोलच्या पाण्यात भिजवून पिळलेली गॉजची लांब पट्टी चिमट्याने अलगद आत सरकवा, शेपूट बाहेर ठेवा. ठासून भरू नका, दाबाने आणखी मांस मरतं. किती पट्ट्या आत घातल्या ते लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच बाहेर आल्या का ते मोजा. आत विसरलेल्या गॉजचा वास जखमेपेक्षा वाईट असतो.

डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काही जखमेत ओतू नका. जळजळ होते, जिवंत मांसही मरतं, आणि मेलेलं मांस वाढलं की वास वाढतो. हळद, तंबाखू, राख, चुना, शेण यांचंही तेच, शिवाय त्यातून नवे जंतू जातात.

जखमेभोवतीची चांगली कातडी टिपून कोरडी करा. तिच्यावर व्हॅसलीन किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा थर द्या, नाहीतर गळणाऱ्या स्रावाने ती सोलवटते आणि दुसरी जखम तयार होते. त्यानंतर औषध: पूड, जेल किंवा भिजवलेला गॉज. पूड टाकताना पंखा बंद. वर न चिकटणारा थर म्हणून पॅराफिन गॉज किंवा व्हॅसलीन चोपडलेला गॉज. त्यावर कोरड्या गॉजची घडी. स्राव जास्त असेल तर गमजी रोल (गॉजमध्ये गुंडाळलेला कापसाचा जाड थर) किंवा सॅनिटरी पॅड. पॅड शोषतो चांगला आणि स्वस्तही पडतो. चिकटपट्टी सोललेल्या कातडीवर लावू नका. छातीच्या जखमेला जुनं बनियन बाह्या कापून घातलं किंवा सैल ओढणी बांधली तरी ड्रेसिंग जागेवर राहतं.

दिवसातून एकदा करा, वास जबर असेल तर पहिला आठवडा दोनदा. स्राव पट्टीच्या बाहेर दिसू लागला की वेळ झालेली नसली तरी बदला, निदान वरचे थर. बाहेरपर्यंत भिजलेली पट्टी स्वतःच वास सोडते आणि माशांना बोलावते.

गाला-जबड्याची जखम

तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे ही फार दिसते. गालाला आरपार भोक असेल तर लाळ सतत बाहेर येते आणि पूड तासाभरात वाहून जाते. इथे बाहेरून भिजवलेला गॉज आणि आतून गुळण्या, दोन्ही लागतात. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा खुळखुळून थुंकायला द्या. त्याशिवाय डॉक्टर सांगतील तितक्या वेळा मेट्रोनिडॅझोलच्या पाण्याने गुळण्या. चव कडू आणि धातूसारखी असते हे आधी सांगा. थोडं गिळलं गेलं तर घाबरू नका. जेवणाआधी लगेच देऊ नका, अन्नाची चव जाते.

गळ्याला श्वासासाठी भोक केलेलं असेल तर त्याच्या आसपास पूड भुरभुरू नका, श्वासाबरोबर आत जाते. तिथे जेलच.

आठवड्याने फरक पडला नाही तर

वास मोजायची एक घरगुती पट्टी ठेवा. पट्टी बांधलेली असताना दारातूनच वास येतो: तीन. दारात येतो पण पट्टी सोडल्यावर: दोन. पट्टी सोडून जवळ वाकल्यावरच येतो: एक. येत नाही: शून्य. रोज वहीत लिहा, आणि शक्यतो बाहेरून आलेल्या माणसाला विचारून लिहा. सतत खोलीत असणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावलेलं असतं. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत फरक जाणवतो आणि पुरा परिणाम पाच ते सात दिवसांत दिसतो.

सात दिवसांनीही तीनच असेल तर पहिला संशय खिशावर घ्या, औषध सगळीकडे पोचत नाहीये. दुसरा, मेलेल्या मांसाचा थर इतका जाड आहे की औषध त्यातून उतरत नाही. तो मऊ करून काढणं नर्सचं किंवा डॉक्टरचं काम. तिसरा, जंतूच वेगळा आहे. पू हिरवट-निळसर आणि वास कुजका नसून गोडसर, पिकलेल्या द्राक्षांसारखा असेल तर ते स्यूडोमोनास असण्याची शक्यता मोठी. त्याच्यावर मेट्रोनिडॅझोल चालत नाही, कितीही टाकलं तरी. डॉक्टर तिथे सिल्व्हर सल्फाडायझिन किंवा पातळ अॅसेटिक अॅसिड देतात. चौथा, आणि सगळ्यात जास्त नजरेआड होणारा: वास जखमेत नाहीच. तो उशीत, गादीत, बांधायच्या ओढणीत किंवा झाकण नसलेल्या बादलीत आहे.

जखम खोल असेल तर डॉक्टर पोटातूनही मेट्रोनिडॅझोल देतात. मळमळ, तोंडाला धातूची चव हे त्याचे नेहमीचे त्रास. त्या काळात दारू पूर्ण बंद. आठवडेच्या आठवडे चालू राहिलं आणि पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला तर लगेच सांगा. वरून लावलेलं औषध रक्तात फारसं जात नाही, पण मोठ्या, रक्ताळलेल्या जखमेतून काही जातं. म्हणून रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा अॅसिट्रॉमसारखी गोळी चालू असेल तर सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा, त्या गोळीचा परिणाम वाढतो. कॅन्सर बरा होणार नसला तरी थोड्या बैठकांचं रेडिएशन स्राव, रक्त आणि वास तिन्ही कमी करू शकतं. 'आता काही करण्यासारखं नाही' असं ऐकून आलेल्या घरांनीही हे एकदा विचारावं.

अळ्या पडल्या तर

माशी उघड्या जखमेवर अंडी घालते आणि एका दिवसाच्या आत अळ्या होतात. पावसाळ्यात हे फार. घरातल्यांना याची भयंकर लाज वाटते आणि ते लपवतात. लपवू नका. आजारी माणसाला आत वळवळ जाणवत असते, झोप लागत नाही, एकाएकी दुखणं आणि रक्त वाढतं.

मेडिकलमधून टर्पेंटाइन तेल आणा. रंगकामाचं थिनर नाही. गॉजचा तुकडा त्यात भिजवून पिळा आणि जखमेच्या तोंडाशी, कडेला धरा. तेल जखमेत ओतू नका, ते पोळतं. जवळ दिवा-उदबत्ती नको, ते पेट घेतं. अळ्यांना हवेसाठी पृष्ठभागावर यावं लागतं. दहा मिनिटांत त्या बाहेर येऊ लागतात, मग बोथट चिमट्याने एकेक उचलून मीठपाण्याच्या वाटीत टाका. जखम धुऊन नेहमीसारखं ड्रेसिंग. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा, आत राहिलेल्या तेव्हा बाहेर येतात. डोळ्याजवळच्या, नाकातल्या आणि घशाजवळच्या जखमेत हे घरी करू नका, दवाखान्यात न्या. डॉक्टर आयव्हरमेक्टिन हे अळ्या मारणारं औषधही देऊ शकतात. त्यानंतर मच्छरदाणी दिवसाही लावा.

रक्त आलं तर

थोडं झिरपलं तर स्वच्छ गॉजची घडी ठेवून तळहाताने सलग दहा ते पंधरा मिनिटं दाबा. मधेच उचलून बघू नका. रक्त थांबवणारी ट्रॅनेक्झामिक अॅसिडची 500 ची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घरात ठेवा, कुटून ओल्या गॉजवर पसरून त्या जागी दाबता येते. मानेच्या जखमेत मोठी शीर जवळ असेल तर डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारा की अचानक जास्त रक्त आलं तर काय करायचं आणि कुणाला फोन करायचा. गडद रंगाचा, लाल किंवा तपकिरी मोठा टॉवेल हाताशी ठेवा. पांढऱ्या चादरीवरचं रक्त बघून माणूस फार घाबरतो.

खोली

पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून दोन पिशव्यांत घट्ट बांधा, वर लाल खूण करा आणि ड्रेसिंग झाल्या झाल्या खोलीबाहेर न्या. गावात कचरागाडी येत नसेल तर खोल खड्ड्यात पुरा, कुत्री उकरतील इतकं वर ठेवू नका. गादीला रेक्झिनचं आवरण घाला. कपडे गरम पाण्यात सोडा घालून अर्धा तास भिजवून धुवा. खाटेखाली ताटात लाकडी कोळशाचे तुकडे पसरून ठेवले तर ते थोडा वास धरतात. दर दोन-तीन दिवसांनी बदला. कार्बनचं तयार ड्रेसिंगही मिळतं. ते सगळ्यात वर, कोरडं राहील असं लावायचं, भिजलं की त्याचा उपयोग संपतो. खिडकी उघडी ठेवा, जाळी लावून. धूप, उदबत्ती, अत्तर, रूम फ्रेशनर यांनी वास जात नाही, दोन्ही वास एक होतात. नंतर तो सुगंध कुठेही आला तरी घरच्यांना आणि रुग्णाला तीच खोली आठवते.

हे सगळं एकट्याने निभावत नसेल तर पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे मोठ्या आजारातला त्रास कमी करणाऱ्या, टीमला गाठा. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हा विभाग आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन 1986 पासून चालू आहे आणि त्यांचं केंद्र गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र 1997 पासून आहे. तिथली नर्स एकदा तुमच्यासमोर ड्रेसिंग करून दाखवेल, ते मोबाईलवर उतरवून घ्या. रुग्णाला विचारून.

किती दिवस

वहीत सलग तीन-चार दिवस शून्य किंवा एक आलं की औषध दिवसाआड करा, ड्रेसिंग मात्र रोज. आणखी आठवडाभर ठीक राहिलं तर औषध आठवड्यातून दोनदा. जखम कायम आहे आणि मांस मरत राहणार आहे, तेव्हा वास पुन्हा येईल. तो औषध हरल्याचा पुरावा नाही. वहीत दोन दिसला त्या दिवसापासून पुन्हा रोज, पाच ते सात दिवस. मधल्या काळात चादर बदलून आजारी माणसाला पुढच्या खोलीत, सगळे जेवतात तिथे आणून बसवा.